पाय तुझा आहे, सुपारी कुणाचीही असो

प्रिय पोरी,

आधी हे एक कर मग बाकीचं वाच. मॅनेजरला आजच फोन कर, मेसेज टाकू नकोस, फोनच कर, आणि स्पष्ट सांग की पायाला दुखापत आहे आणि डॉक्टरांना दाखवल्याशिवाय मी स्टेजवर उभी राहणार नाही. ते म्हणतील सुपारी घेतलीये, शोचे पैसे ठरलेत, गावात बॅनर लागलेत, त्यावर तुझाच फोटो आहे, आता ऐनवेळी काय करू. त्यांची अडचण खरी आहे, मी खोटी म्हणत नाही, पण तुझ्या जागी दुसरी मुलगी उभी करता येते, नाहीतर दोन लावण्या कमी करता येतात, आणि तुझ्या नडगीच्या जागी काहीच लावता येत नाही.

तुझा व्हॉइस मेसेज ऐकून मला जे जाणवलं ते सांगते. तू म्हणालीस की आधी शो झाल्यावर दुखायचं, मग शो चालू असताना दुखायला लागलं, आणि आता पहिल्याच लावणीला कळ येते आणि रात्री झोपेत पण ठणकतं, आणि नडगीच्या आतल्या बाजूला एका जागी बोट दाबलं की जीव जातो. ही शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. पोटऱ्या आखडल्या, नडगीच्या कडेने वीतभर लांब पट्टा दुखतोय, अंग गरम झालं की जरा बरं वाटतं, तर ते बहुतेक वेळा शिन स्प्लिंट असतं, भार कमी केला की जातं. पण एका बोटाखाली येईल एवढ्याच जागी दुखणं, आणि आराम करताना सुद्धा दुखणं, हे वेगळं प्रकरण आहे, त्यात हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो, स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात त्याला. पडायला लागत नाही, मार लागायला लागत नाही. तार तेच तेच वाकवत राहिली की एका जागी तुटते, तसं हाडाचं होतं. हाड रोज थोडं झिजतं आणि रोज थोडं भरून निघतं, पण भरून निघायला वेळ मिळालाच नाही तर झीज पुढे जाते. म्हणून असा तडा आजारी बायकांपेक्षा धावणाऱ्या, नाचणाऱ्या, सैन्यात भरती होऊन परेड करणाऱ्या तरण्याताठ्या पोरापोरींना जास्त होतो.

आणि एक नीट लक्षात ठेव, एक्स-रे क्लिअर आला म्हणजे तडा नाही असं नसतं. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे तो एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसतच नाही, एमआरआयमध्ये दिसतो. त्यामुळे डॉक्टरांना नुसतं पाय दुखतो म्हणू नकोस. मी नाचते, अनवाणी नाचते, पायात घुंगरांचे चाळ असतात, आठवड्यात इतके शो झाले, एका जागी दुखतं, रात्री दुखतं, असं सगळं सांग, आणि स्ट्रेस फ्रॅक्चर असेल का असं तोंडाने विचार. विचारायला लाजू नकोस. नडगीच्या अगदी पुढच्या कडेला दुखत असेल तर ते पण बोट ठेवून दाखव, तिथला तडा भरायला जास्त हट्टी असतो. तडा निघालाच तर साधारण सहा ते आठ आठवडे नाच बंद, कधी अजून जास्त. हे वाचून तुझ्या पोटात गोळा आला असेल, माहितीये मला. पण आत्ता दोन महिने थांबलीस तर पुढची वीस वर्षं नाचशील, आणि तसंच रेटत राहिलीस तर बारीक तड्याचं पूर्ण फ्रॅक्चर होऊ शकतं, मग रॉड, ऑपरेशन, आणि सीझनच्या सीझन हातातून जातात.

आता त्या इंजेक्शनबद्दल. तू किती सहज म्हणालीस की तिथल्या गावातल्या डॉक्टरांनी कमरेत सुई दिली आणि अर्ध्या तासात एकदम फ्रेश, मस्त शो झाला. मला त्या वाक्याची भीती वाटली. सुईने पाय बरा झाला नव्हता, फक्त पाय जे ओरडून सांगत होता ते तुला ऐकू येत नव्हतं, आणि त्याच पायावर तू पुढचे दोन तास चाळ बांधून ठेका मारलास. त्या सुईत काय होतं तेही तुला माहीत नाही. बहुतेक डायक्लोफिनॅक असेल, कधीकधी त्यात स्टिरॉइड पण घालून देतात. डायक्लोफिनॅकसारखी औषधं उपाशीपोटी, पाणी न पिता, घाम गाळत असताना वारंवार घेतली की पोटात अल्सर होतो आणि किडनीवर ताण येतो, आणि आपल्या पोरी नेमक्या त्याच अवस्थेत ती घेतात. इथून पुढे कुणीही सुई दिली तर औषधाचं नाव कागदावर लिहून माग, मोबाईलमध्ये फोटो काढून ठेव. आणि पक्कं ठरव, दुखणं दाबून शो करायचा नाही. ताप आलाय म्हणून पॅरासिटामॉल घेतली ती गोष्ट वेगळी, हाडाचं दुखणं दाबून नाचणं वेगळं.

तू त्या मेसेजमध्ये विठाबाईंचं नाव घेतलंस. त्यांनी काय काय सोसलं आणि मी एवढ्याशा दुखण्याला रडते, असं म्हणालीस. हे मला फार लागलं म्हणून जरा लांबून सांगते.

तमाशासम्राज्ञी विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर, आपल्या सगळ्यांची मान ताठ करणारं नाव. १९५७ ला आणि पुन्हा १९९० ला राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झाला. त्यांची ती गोष्ट महाराष्ट्रात सगळ्यांना पाठ आहे, दिवस भरलेले असताना तमाशाच्या वगात उभ्या होत्या, कळा सुरू झाल्या, पडद्यामागे बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या. ही गोष्ट सांगताना लोकांचा आवाज भरून येतो, बघा कलेवरची निष्ठा म्हणतात. मला ती ऐकताना दरवेळी वेगळं काहीतरी विचारावंसं वाटतं, की त्या फडात त्या रात्री त्या बाईला घरी राहता येईल अशी काही सोय का नव्हती? खेळ झाला नाही तर पैसे नाहीत, पैसे नाहीत तर फडातल्या एवढ्या माणसांच्या पोटाचं काय, हे ओझं एका बाळंतिणीच्या अंगावर होतं. त्यांची हिंमत अफाट होती यात काही वाद नाही. पण ती हिंमत त्यांना करावी लागली, आणि त्याच बाईंचे शेवटचे दिवस पैशाच्या ओढाताणीत गेले, २००२ मध्ये त्या गेल्या. आज सरकार त्यांच्या नावाने जीवनगौरव देतं. त्यांना वंदन कर, त्यांच्या लावण्या शीक, त्यांचा ठसका शीक, पण त्यांच्यावर जी वेळ आली ती आपल्यावर यावी असं मनात धरू नकोस. आधीच्या बायकांनी सोसलं ते पुढच्या पोरींना सोसावं लागू नये म्हणूनच ना? मला तरी असंच वाटतं, आणि या बाबतीत मी कुणाशीही भांडायला तयार आहे.

हे तुझ्या पायाला झालं कसं ते पण बघू, कारण कारण कळलं नाही तर दोन महिन्यांनी बरी होऊन परत तिथेच येशील. पावसाळ्यात तुमचे शो जवळजवळ बंद होते. त्या काळात तू क्लासवर किती आलीस ते तुला माहितीये. मग गणपती, नवरात्र, आणि नंतर एकदम रोज रात्री शो, कधी एका रात्रीत दोन गावं. स्नायू दोन-तीन आठवड्यांत सरावतात, दम पण येतो, त्यामुळे आपल्याला वाटतं आता जमतंय. हाडाला सरावायला त्याहून खूप जास्त वेळ लागतो, आणि नेमका हा मधला काळ धोक्याचा. म्हणून सुट्टीचे महिने म्हणजे खरे तयारीचे महिने. दसऱ्याच्या आधी दीड-दोन महिने चढत्या क्रमाने सराव, पहिले काही दिवस चाळ न बांधता, बूट घालून, मग अनवाणी, मग हलके चाळ, मग पूर्ण चाळ. आपले चाळ दोन्ही पायांचे मिळून काही किलो भरतात, आणि ते घोट्याला बांधलेले असतात, म्हणजे प्रत्येक पाऊल उचलताना आणि आपटताना ते वजन लांबच्या टोकाला ओढतं. सराव चाळ बांधूनच करायचा हा हट्ट मला कधीच पटला नाही. आवाजाचा आणि वजनाचा अंदाज यावा म्हणून शेवटचा भाग चाळ बांधून करावा, तेवढं पुरे.

स्टेजचं बोलायचं तर तो आपल्या हातात नसतो. कुठे लोखंडी सांगाड्यावर फळ्या आणि वर मॅट, कुठे शाळेसमोरचा सिमेंटचा चौथरा आणि त्यावर पातळ सतरंजी. फळ्या निदान थोड्या दबतात, सिमेंट अजिबात दबत नाही, सगळा दणका उलटा पायात येतो. पोचल्यावर मेकअपला बसायच्या आधी पाच मिनिटं स्टेजवर चालून ये, खिळा वर आलाय का, दोन फळ्यांमध्ये फट आहे का, मॅट सरकते का ते पायाने बघ आणि मंडपवाल्याला तिथल्या तिथे सांग. सिमेंट असेल तर त्या दिवशी उड्या कमी, ठेके हलके, आणि ते गुडघ्यावर धाडकन बसणं पूर्ण बंद. तसंही ते बसणं तुम्ही आजकाल फार करता, शिट्ट्या मिळतात म्हणून. करायचंच असेल तर नऊवारीच्या आत नीपॅड घाल, एवढं मोठं लुगडं आहे, कुणाला काही दिसत नाही.

बळ वाढवायचं काम वेगळं आणि तेही गरजेचं. आपल्याकडे समज आहे की रोज नाचतो म्हणजे व्यायाम झालाच. नाचाने नाचाचे स्नायू दमतात, बळकट होतातच असं नाही. आठवड्यातून दोनदा पोटऱ्या, मांड्या, कुल्ले, पोट आणि पाठ यांचा व्यायाम हवा. एक साधी टेस्ट सांगते, भिंतीला बोटं टेकवून एका पायावर उभी राहा आणि टाच पूर्ण वर उचल, खाली आण, सलग पंचवीस झाल्या पाहिजेत, दोन्ही पायांना सारख्या. आत्ता दुखऱ्या पायावर करून बघू नकोस हां, डॉक्टर सांगतील तेव्हाच. आणि घोटा कधी मुरगळलाच तर बघ चार पावलं टाकता येतात का, आणि घोट्याच्या दोन्ही बाजूंची हाडं मागच्या कडेने दाबल्यावर दुखतात का. पावलं टाकता येत नसतील किंवा हाड दुखत असेल तर सरळ एक्स-रे. हाडवैद्याकडे जाऊन खटकन ओढून घ्यायचं नाही, कुणी कितीही नाव सांगू दे.

आता ज्याबद्दल आपण बायका एकमेकींशी पण धड बोलत नाही ते. तू म्हणालीस चार महिने पाळी आली नाही आणि बरंच झालं, शोला त्रास नाही. अगं बरं नाही झालं. प्रेग्नन्सी नाही याची खात्री कर, मग थेट स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. खाणं कमी आणि नाचणं जास्त असं खूप दिवस चाललं की शरीर खर्च वाचवायला लागतं, आणि पहिल्यांदा पाळी थांबवतं. पाळी थांबते तेव्हा शरीरातलं इस्ट्रोजेन कमी झालेलं असतं, आणि हाडांना ते लागतंच. म्हणजे तुझी थांबलेली पाळी आणि तुझी दुखरी नडगी या एकाच गोष्टीच्या दोन बाजू असू शकतात. खेळाडूंमध्ये हे इतकं दिसतं की आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये याला रेड-एस असं नाव दिलं, म्हणजे खर्चाच्या मानाने शरीराला ऊर्जा कमी पडणं, पण नाचणाऱ्या मुलींना अजून कुणी धड सांगत नाही. तुझं वय हाडं भरायचं आहे, साधारण तिशीपर्यंत जेवढं हाड भरतं तेवढीच आयुष्यभराची शिल्लक.

पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या तुमच्या ग्रुपमध्ये चॉकलेटसारख्या वाटल्या जातात हे मला माहीत आहे. पूजेसाठी घरोघरी घेतात त्याच त्या. एखाद्या वेळी डॉक्टरांना विचारून घेतल्या तर ठीक, पण दर महिन्याला मैत्रिणीच्या पर्समधून घ्यायच्या नाहीत, घरात कुणाला रक्ताची गुठळी झालेली असेल, तुला मायग्रेन असेल तर तर नाहीच. पाळीत नाचता येतं. पॅड बदलायला जागा नाही हा खरा प्रॉब्लेम आहे, आणि त्यावर गोळी हा उपाय नाही.

आणि हो, तेच पाण्याचं. मैदानावर बायकांसाठी संडास नाही, कासोटा सोडून पुन्हा नेसायला वेळ नाही, म्हणून दुपारपासून पाणीच प्यायचं नाही. आमच्या वेळी हेच होतं, आजही हेच आहे, आणि याचा मला मनापासून राग येतो. लाखो रुपयांच्या लाइट आणि साउंडचं बिल भरणाऱ्या कमिटीला एक कुलूपबंद मोबाइल टॉयलेट आणता येत नाही? लघवीला जळजळ, ताप, इन्फेक्शन किडनीपर्यंत जाणं, हे सगळं यातूनच होतं, आणि पाणी नाही म्हणून पोटऱ्यांत गोळे येतात ते वेगळंच. तुझ्या ग्रुपच्या सगळ्या पोरींनी मिळून मॅनेजरला सांगा की सुपारी ठरवतानाच लिहून घ्यायचं, स्टेजच्या मागे बायकांसाठी टॉयलेट, कडी असलेली बंद खोली, आणि प्यायचं पाणी. एकटी बोललीस तर नखरे म्हणतील, सगळ्या बोललात तर अट होते. साडी नेसायच्या आधी दिवसभर घोट घोट पाणी पी, नेसल्यावर थोडं थोडं, आणि शो संपला की लिंबू-मीठ-साखर घालून भरपूर.

खाण्याचं वेळापत्रक तुमचं उलटंपालटं असणार, मेकअप सहाला, शो नऊला, जेवण रात्री दोनला ढाब्यावर. त्यामुळे दुपारचं जेवण हेच तुझं मुख्य जेवण धर आणि ते पोटभर जेव, भाकरी, भाजी, डाळ किंवा उसळ, दही, खात असशील तर अंडी, मटण. मेकअपच्या आधी तासभर केळी, शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, दहीभात असलं काहीतरी. नाचणी मनापासून खा, आंबील कर, भाकरी कर, शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. वजन कमी कर असं तुला जो कुणी सांगतोय त्याचं ऐकू नकोस. लावणीला अंग भरलेलं लागतं, ठुमक्याला ताकद लागते, वाळलेल्या अंगाने लुगडं पण पेलत नाही. रीलमध्ये बारीक दिसायचं म्हणून रात्री फक्त काकडी खाणं हे मला कळल्यापासून मी अस्वस्थ आहे.

रक्त तपासून घे, हिमोग्लोबिन, फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा, व्हिटॅमिन डी आणि बी-१२. २०१९ ते २१ च्या सरकारी कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया निघाला, म्हणजे तुमच्या दहा जणींच्या ग्रुपमध्ये पाच-सहा जणी तरी तशा असतील असं धरून चाल. हिमोग्लोबिन बाराच्या खाली असलं की धाप लागते, चक्कर येते, आणि आपण म्हणतो स्टॅमिना कमी पडला. लोहाची गोळी दिली तर ती चहा-दुधाबरोबर घ्यायची नाही, लिंबूपाण्याबरोबर घे. आणि मिश्री. तुझ्या हिरड्या बघून मला कळलं होतं, तेव्हा बोलले नाही, आता बोलते. तंबाखूतल्या निकोटीनने हाड जुळायला उशीर होतो. झोप येऊ नये म्हणून, भूक मारायला, सगळ्या लावतात म्हणून, कारणं मला सगळी माहीत आहेत. सोड. एकदम सुटणार नाही, त्यासाठी सुद्धा डॉक्टर मदत करतात.

कानाचं थोडक्यात सांगते. ८५ डेसिबल आवाज कानाला दिवसाला आठ तास चालतो, त्यावर दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. तुम्ही दोन-अडीच तास स्पीकरच्या भिंतीला खेटून नाचता. मॉनिटर स्पीकर तोंडासमोरून बाजूला करायला सांग, एंट्रीची वाट बघताना साउंडच्या मागे उभी राहा, आणि फोमचे इअरप्लग मेडिकलमध्ये काही रुपयांत मिळतात, ढोलकी त्यातूनही ऐकू येते.

झोप. पहाटे चारला घरी आणि सकाळी नऊला उठून रील एडिट करायचं हे चालणार नाही. खिडकीला जाड चादर लाव, फोन दुसऱ्या खोलीत ठेव, घरच्यांना सांग दुपारी बारापर्यंत उठवायचं नाही. आणि गाडीचा ड्रायव्हर रात्रभर जागा असेल तर परतीला निघू नका, गाडीतच दोन तास झोपा सगळे. हे मी विनंती म्हणून नाही सांगत आहे.

आता मनाचं. मेसेजच्या शेवटी तू हळूच म्हणालीस, ताई हल्ली शो संपला की रडू येतं, काही कारण नसताना. मी ते ऐकलंय. दोन तास हजारो डोळे तुझ्यावर, टाळ्या, शिट्ट्या, वन्स मोअर, आणि मग एकदम ट्रॅव्हलरच्या मागच्या सीटवरचा अंधार, हा उतार जवळजवळ सगळ्यांना जाणवतो. शरीर तापलेलं असतं, मेंदू अजून स्टेजवर असतो. त्यासाठी शो संपल्यावर लगेच फोन उघडायचा नाही, आधी चाळ सोड, तोंड धू, काही खा, दहा मिनिटं पाय वर करून पड, एखादीशी साधं घरचं बोल. पण रोज रडू येणं, सलग दोन आठवडे कशातच मन न लागणं, झोप उडणं, आपण कुणाला नकोय असं वाटणं, हा नुसता थकवा नव्हे, ते आजारपण आहे आणि त्याला औषध आहे. टेली-मानस म्हणून सरकारची फोन सेवा आहे, १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. २०२२ पासून चालू आहे. रात्री तीनला ट्रॅव्हलरमधून पण लावता येतो. आणि जीव नकोसा वाटला तर त्यांना लाव, मला लाव, दोघांनाही लाव, वेळ बघू नकोस.

कमेंट वाचायचं बंद कर. अकाउंट चालवायचं तर दुसऱ्या कुणाला तरी कमेंट डिलीट करायला बसव. तुझ्या नाचाबद्दल ज्याला कळतं त्याचं मत तू तोंडावर ऐकतेसच, मी तरी कधी सोडलंय का तुला. बाकी जे लिहितात ते नाच बघून लिहीत नाहीत, नाचणारी बाई दिसली म्हणून लिहितात. हे मनाला लागतं, लागणारच, आपण दगड नाही. आणि नातेवाईक लग्नाच्या पंगतीत जे टोमणे मारतात ते सगळ्यात जास्त लागतात हेही मला माहीत आहे, कारण शेतातल्या बोअरचे पैसे तुझ्याच सुपारीतून गेलेत हे त्यांना ठाऊक असतं.

अंगाला हात लावणं, स्टेजवर चढणं, कपडे बदलताना मोबाईल रोखणं, यातलं काहीही झालं तर नाच तिथेच थांबवायचा. ढोलकीवाल्यांशी आधीच खूण ठरवून ठेवा. लपून शूटिंग करणं हा नवीन न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, तक्रार तुझ्या नावाने होते, त्यात तुझी बदनामी नाही, ज्याने केलं त्याची आहे. ग्रुपमधल्याच कुणी त्रास दिला तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखाली जिल्ह्याच्या ठिकाणी स्थानिक समिती असते, दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील तरी तिथे तक्रार करता येते.

राहिला पैसा. तब्येतीच्या पत्रात पैसा कशाला असं वाटेल, पण मी पाहिलेल्या अर्ध्याअधिक दुखापती पैशामुळे वाढल्या. फडात उचल घ्यायची जुनी पद्धत, सीझनच्या आधी मालकाकडून मोठी रक्कम घ्यायची आणि मग सीझनभर नाचून फेडायची. उचल घेतली की मग पाय तुझा राहत नाही, दुखला तरी उभं राहावं लागतं कारण आधीच खाल्लेलं असतं. तू अजून घेतली नाहीस, घेऊ नकोस. प्रत्येक सुपारीतला थोडा हिस्सा वेगळ्या खात्यात, त्याला हात लावायचा नाही, तीन महिने घर चालेल एवढे जमेपर्यंत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुठली हॉस्पिटलं बसतात ते रेशन कार्ड घेऊन विचारून ठेव, ऑपरेशनची वेळ आली तर धावाधाव नको. ई-श्रम कार्ड, म्हणजे असंघटित कामगारांचं सरकारी कार्ड, काढून घे. आणि शो केल्याचे पुरावे, पत्रिका, फोटो, बातम्या एका फाइलमध्ये ठेव. सरकार ज्येष्ठ कलावंतांना महिना पाच हजार मानधन देतं, पण कागद नसल्यामुळे किती जणी त्याला मुकल्या, ज्यांच्या अदाकारीवर गावं फिदा होती.

दोन महिने घरी बसून मी वेडी होईन, असं म्हणशील. बसणार नाहीयेस. पायावर भार नको एवढंच, बाकी सगळं अंग मोकळं आहे. बैठकीची लावणी शीक. यमुनाबाई वाईकरांचं गाणं ऐक, २०१२ ला पद्मश्री मिळाली त्यांना, एका जागी बसून मान, भुवई, बोटं आणि आवाजाचा एक हेलकावा, एवढ्यावर मैफल धरायची ती विद्या. तुमच्या पिढीने सगळं पायात आणि कमरेत आणून ठेवलंय, चेहरा रिकामा राहतो, तुझाही राहतो, मी तुला आधीही सांगितलंय. आता वेळ मिळालाय. एकाच ओळीवर दहा वेगळे भाव काढायचे, आरशासमोर नाही, माझ्यासमोर. डॉक्टर हो म्हणाले तर पोहणं किंवा सायकल, म्हणजे दम टिकतो. मग परत उभं राहताना पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं, बुटात, दुसऱ्या दिवशी सुट्टी, दुखलं नाही तर थोडं वाढवायचं, दुखलं तर मागच्या पायरीवर यायचं. चाळ सगळ्यात शेवटी.

तुझ्या आईशी मी बोलते, तिला पैशाची काळजी वाटणार, तिला दोष देऊ नकोस. सोमवारी ऑर्थोपेडिककडे जा, स्पोर्ट्सच्या दुखापती बघणारे मिळाले तर उत्तम, जुन्या सुया-गोळ्यांचे कागद बरोबर ने. स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ त्याच आठवड्यात घे, पुढे ढकलू नकोस. रिपोर्ट आले की फोटो पाठव, आणि मग बॅग भरून इकडेच ये, खालची खोली रिकामी आहे, जिना चढावा लागणार नाही. पेटीवाले काका बुधवारी आणि शनिवारी येतात, त्यांना सांगून ठेवलंय.

तुझी,
ताई